दामाची सवत

"हिच्या आधी माझं नाव घे, सिस्टर. मी थोरली आहे." दामा आत न येता दारातच उभी राहिली. मागून येणाऱ्या ओतिलियाला आत शिरायला जागाच राहू नये, अशा बेताने.

"माई, आत तरी या. दोघींचं काम एकच आहे."

"काम एक असेल. नवराही एकच आहे. म्हणून काय एका बाकावर बसायचं?"

पण आमच्या आरोग्य केंद्रात बाक एकच होता. दामा एका टोकाला बसली, ओतिलिया दुसऱ्या. मधल्या जागेत दामाने रताळ्यांनी भरलेली जाळीची पिशवी ठेवून सीमा पक्की केली.

दोघींचा नवरा काउपा मागच्या खोलीत अकरा दिवसांपासून खाटेवर होता. डोंगरातल्या बागांतून कॉफी विकत घ्यायची आणि गोरोका शहरात नेऊन विकायची, हा त्याचा धंदा. तीन पोती पाठीवर घेणारा माणूस, आता त्याची कूस मी एका हाताने बदलत असे. त्याला एचआयव्ही होता, त्यावर क्षय चढला होता, आणि आम्हाला कळायला फार उशीर झाला होता. म्हणून दोघी बायकांचं रक्त तपासलं. दोघींच्याही रक्तात तेच निघालं.

या दोघींना मी सहा वर्षांपासून ओळखत होते. काउपाने ओतिलियाला आणलं तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती आणि दामा चाळिशीला टेकलेली. पहिल्याच महिन्यात दामाने तिच्या डाव्या कानाचा लचका तोडला. ओतिलियाने कुदळीच्या दांड्याने दामाची करंगळी मोडली. कानाला टाके मीच घातले आणि करंगळीला कामट्याही मीच बांधल्या, एकाच दुपारी. कामट्या बांधताना दामा म्हणाली होती, "तिचे टाके जरा ढिले घाल."

आता मी दोघींना गोळ्यांचं समजावून सांगत होते. या गोळ्या आमच्या डोंगरात तेव्हा नव्यानेच आल्या होत्या. सकाळी सहाला एक, संध्याकाळी सहाला एक, आयुष्यभर. आजार जात नाही, पण झोपून राहतो. गोळी चुकली की उठतो.

"आठवण करून द्यायला घरचं एक माणूस लागतं. ज्याला आजाराची माहिती आहे असं. माई, कुणाचं नाव लिहू?"

"डुकरिणीचं लिही. तिला सगळं ठाऊक आहे. रोज तिलाच सांगते."

"माई, माणूस पाहिजे."

"माणूस कुठून आणू? होता तो तिकडे पडलाय." मग आवाज खाली आणून म्हणाली, "लेकीचं नको. सासरी कळलं तर तिला माझ्या दारात आणून सोडतील."

मी ओतिलियाकडे वळले. तिला कुणीच नव्हतं. माहेर दक्षिणेकडे, डोंगराच्या पलीकडे चार दिवसांच्या वाटेवर. एक मूल झालं होतं, ते आठ महिन्यांचं होऊन गेलं. तेव्हा वहीत मी न्यूमोनिया लिहिलं होतं.

ती इतका वेळ पायाच्या अंगठ्याकडे बघत बसली होती. म्हणाली, "माझ्यापुढे हिचं नाव लिहा."

"काय?" दामाने मान वळवली.

"दुसऱ्या कुणाला ठाऊक नाही, थोरले. आणि तू रोज माझ्या नावाने ओरडतेसच. त्यातच गोळीचंही ओरड."

दामाने पिशवीतलं एक रताळं काढलं, बघितलं, परत ठेवलं.

"लिही. माझ्यापुढेही तिचंच लिही. पण ही माझी कुणी लागत नाही, तेही लिही."

नात्याच्या रकान्यात मी 'सवत' लिहिलं. दोन्ही कागदांवर.

चार दिवसांनी काउपा गेला.

त्याच्या अंगणात ताडपत्रीचा मांडव घातला. तीन दिवस माणसं येत होती, रडत होती, रताळी आणि केळी खात होती, पुन्हा रडत होती. माझ्या आईचं कूळ काउपाच्या कुळाशी जोडलेलं, म्हणून मीही बायकांत जाऊन बसले होते. तिसऱ्या दिवशी दुपारी पुरुषांच्या बाजूचं बोलणं बदललं.

काउपाचा पाठचा भाऊ वाइम उभा राहिला. "माझा भाऊ बैलासारखा होता. असा माणूस वाळून वाळून मरतो? कुणीतरी केलंय हे."

माना एकेक करून ओतिलियाकडे वळल्या. ती दक्षिणेची. तिकडच्या बायकांना करणी येते, विष येतं, असं आमच्याकडे पोरंसुद्धा म्हणतात.

"जेवण कोण देत होतं त्याला?" वाइमने विचारलं.

"मीच," ओतिलिया म्हणाली. तिचा आवाज तिलाच ऐकू गेला असेल नसेल.

मांडवाच्या कडेला विस्तव होता आणि वाइमच्या चुलतभावाच्या हातात तारेचं वेटोळं होतं. चेटकीण ठरवलेल्या बाईचं पुढे काय करतात, ते मी तरुणपणी एकदा पाहिलेलं आहे. त्याबद्दल जास्त सांगत नाही. पोलीस चौकी दोन तासांवर होती. तो कशाने मेला, हे त्या मांडवात मला माहीत होतं. पण रोग्याचा आजार नर्सने चारचौघांत बोलायचा नाही, अशी शपथ घेऊन मी नर्सची टोपी घातली होती. आणि खरं सांगायचं तर नुसती शपथच आडवी आली असंही नाही. मला भीती वाटली. मी बसून राहिले.

दामा प्रेताच्या उशाशी बसली होती. गुडघ्यावर हात टेकून ती उठली.

"वाइम, खाली बस. कुणी केलं ते मी सांगते."

वाइम बसला नाही, पण गप्प झाला. थोरली वहिनी होती ती.

"तुझ्या भावानेच केलं. कॉफीच्या मोसमात गोरोकाला तो कुणाकडे झोपायचा, हे मला काय विचारतोस? तू बरोबर असायचास. तिथून घेऊन आला, मला दिलं, हिला दिलं."

"काय दिलं?"

"एड्स दिला. आता खाली बघू नकोस. मला आहे तो. माझं रक्त तपासलंय. सिस्टर बसलीय तिकडे, विचार तिला."

सगळा मांडव माझ्याकडे वळला. मी म्हटलं, "माई सांगतात ते खरं आहे." एवढंच बोलले.

"आणि करणीचं म्हणशील," दामा पुढे म्हणाली, "तर हिला करणी येत असती तर हिने ती आधी माझ्यावर केली असती. कान मी तोडला तिचा. काउपाने नाही."

मागे बसलेली एक म्हातारी फस्सकन हसली. मग दुसरी हसली. मयताच्या मांडवात हसू नये, पण ते हसू आलं आणि त्याबरोबर माणसं पुन्हा हलायला, खाकरायला, सुपारीला चुना लावायला लागली. तारवाला माणूस कधी मागे सरकला ते कुणाला कळलं नाही.

मात्र आणखीही एक गोष्ट घडली, ती मी पाहिली. दामाच्या शेजारच्या बायकांनी आपापल्या चटया हळूच लांब ओढून घेतल्या. आणि वाइमने, तिच्याच हातचं जेवण वाढलेली थाळी, पायाने बाजूला सारली.

नंतर मी तिला विचारलं, "माई, तुम्ही असं का केलंत?"

"तुला वाटलं माझी माया उतू गेली?" ती म्हणाली. "एक मढं अंगणात होतं, दुसरं नको होतं मला. आणि ते खोटं होतं, पोरी. ती आळशी आहे, तोंडाळ आहे, मीठ जास्त घालते. पण चेटकीण नाही."

त्यानंतरचं वर्ष दामाला जड गेलं. बाजाराच्या दिवशी ती नेहमीच्या जागेवर रताळ्यांची रास मांडून बसायची आणि गिऱ्हाईक तिच्यापर्यंत येऊन पुढच्या बाईकडे वळायचं. दामाने जागा बदलली नाही. दुपार झाली की ती आपल्याच राशीतलं एक रताळं भाजायची आणि सगळ्यांदेखत खायची. "बघा गं, खाल्लं. मेले का?" ओतिलियाच्या झोपडीचं कुंपण वाइमच्या माणसांनी ओढून काढलं, तेव्हा ती आपली पथारी घेऊन दामाच्या दारात आली.

"चुलीच्या त्या बाजूला," दामाने सांगितलं. "आणि घोरायचं नाही."

सकाळी सहाला मिशनची घंटा व्हायची. घंटा थांबली की दामाचा आवाज सुरू.

"ए टवळे, जिवंत आहेस ना? मग गीळ!"

"गिळली! तू गीळ, म्हातारे!"

खालच्या रस्त्याने बागेत जाणारे लोक सुरुवातीला थबकायचे. पुढे पुढे कुणी थबकेना. एकदा मिशनची घंटा महिनाभर बंद होती, तेव्हा आसपासच्या चार घरांचा दिवस त्या शिव्यांवर सुरू व्हायचा. वर्ष संपता संपता बाजारातल्या बायका पुन्हा दामाकडून रताळी घ्यायला लागल्या. का, ते त्यांनी सांगितलं नाही, आणि दामानेही विचारलं नाही. फक्त प्रत्येकीला एक कमी मोजून दिलं.

तिसऱ्या वर्षी आमच्या खोऱ्यात एक तंबू आला. गिटार, कर्णे आणि एक फिरता उपदेशक. आजारी माणसांच्या डोक्यावर हात ठेवायचा आणि बरं झालं म्हणून सांगायचा. मी त्याच्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. गोळ्यांच्या दिवशी ओतिलिया रिकाम्या बाटल्या घेऊन आली, मी गोळ्यांचा हिशेब बरोबर म्हणून खूण केली आणि नव्या बाटल्या दिल्या. दोनदा असं झालं.

मग एक दिवस दामा एकटीच आली. "सिस्टर, धाकटी खोटं बोलतेय."

"कशावरून?"

"सहाला 'गिळली' म्हणते. पण आवाज गोड येतो. त्या गोळ्या कडू जहर. गिळल्यावर माणूस असं गोड बोलत नाही."

मी ओतिलियाला बोलावून घेतलं. तिने काही लपवलं नाही. गोळ्या ती संडासाच्या खड्ड्यात टाकत होती.

"तो म्हणाला, ही स्वच्छ झालीय. सगळ्यांसमोर म्हणाला, डोक्यावर हात ठेवून. सिस्टर, माझं पोर गेल्यापासून माझ्याबद्दल असं कुणी बोललं नव्हतं. तुम्हीसुद्धा नाही. तुम्ही म्हणता, 'चांगली चाललीयस.' स्वच्छ आहेस, असं कुणी म्हणत नाही. मी अठ्ठावीस वर्षांची आहे. मला अजून एक मूल हवंय."

त्या गोळ्या नीट घेतल्या तर मूलही निरोगी होऊ शकतं, हे मी तिला सांगितलं. हे मी तिला आधी कधी सांगितलंच नव्हतं. ती विधवा, कशाला विषय काढायचा, असं मीच परस्पर ठरवून टाकलं होतं. आता सांगितलं ते तिला पटलं नाही. उशीर झाला की गोष्ट लालूच दाखवल्यासारखी वाटते.

घरी दोघींचं जोराचं भांडण झालं आणि ओतिलिया पथारी घेऊन तंबूवाल्यांच्या वस्तीत राहायला गेली, समोरच्या उतारावर, दरीच्या पलीकडे.

एकदा सकाळी मी त्या बाजूने जात होते. घंटा झाली. दामा घरामागच्या टेकाडावर उभी राहून दरीपलीकडे ओरडत होती, "ए टवळे! गीळ!"

"माई, ऐकू जातं का तिला?"

"मला काय माहीत? मी ओरडते."

चार महिन्यांनी पलीकडून निरोप आला की ओतिलियाचं डोकं तीन आठवडे दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, आणि तिला एकाचे दोन दिसतात. तंबू तोवर पुढच्या खोऱ्यात गेला होता. दामा दरी उतरून, नदी ओलांडून पलीकडे गेली. त्या गोळ्यांनी तिच्या स्वतःच्या तळपायांची आग होत असे, चालताना निखाऱ्यांवरून चालल्यासारखं वाटतं म्हणायची. वाइमच्या घरच्या पुरुषांनी ओतिलियाला उचलायला नकार दिला. तेव्हा बाजारातल्या चार बायका आल्या. दोन बांबू, एक कांबळं, आणि पुढे दामा, शिव्या देत. अशा त्या माझ्या दारात पोचल्या.

मान लाकडासारखी ताठ झालेली पाहून मला शंका आली. गाडी मिळवून मी त्यांना घेऊन शहरातल्या मोठ्या इस्पितळात गेले. तिथला डॉक्टर तरुण होता, समुद्रकाठचा. त्याने सांगितलं, मेंदूच्या आवरणात बुरशी वाढलीय. अंगातली ताकद संपली की ती अशी वाढते. शिरेतून औषध द्यावं लागेल, आणि डोक्यातला दाब उतरवायला पाठीच्या मणक्यात सुई घालून पाणी काढावं लागेल.

"नारळ आहे का ती?" दामा त्याच्यावर उसळली. "तुमच्या समुद्रावर भोक पाडून पाणी काढता तसं काढणार?"

डॉक्टर हसला नाही, रागावलाही नाही. "आई, पाणी नाही काढलं तर ती या आठवड्यात जाईल. तिला कुशीवर दुमडून कुणीतरी घट्ट धरायला हवं. हलली तर काम बिघडेल. धराल?"

"हिला धरायची मला सवय आहे," दामा म्हणाली.

तिने ओतिलियाचे गुडघे पोटाशी दुमडले, डोकं आपल्या छातीत घेतलं आणि लहान मुलाला धरावं तसं तिला वेढून बसली. सुई आत गेली तेव्हा ओतिलियाचं अंग ताणलं. दामा तिच्या कानाशी सारखं काहीतरी पुटपुटत होती. मी वाकून ऐकलं. ती आळशी, ऐतखाऊ, तोंडाळ, सगळी जुनी यादी म्हणत होती, अगदी हळू, अंगाई म्हणावी तशी. पाणी थेंबाथेंबाने नाही, धारेने आलं. थोड्या वेळाने ओतिलिया म्हणाली, "डोकं हलकं झालं."

रोज सुई, रोज तसंच धरणं. चौथ्या दिवशी ओतिलियाचा ताप उतरला होता. तिने विचारलं, "थोरले, दिवा का नाही लावत कुणी?"

सकाळचे अकरा वाजले होते. खिडकीतून ऊन तिच्या अंथरुणावर आलं होतं.

दामाने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "वीज गेलीय."

शेजारच्या खाटेवरची बाई आपल्या लेकराला म्हणत होती, "उन्हातून इकडे सरक बघू."

"थोरले."

"काय?"

"ती म्हणतेय ऊन आहे."

दामाने तिचा हात हातात घेतला. "हो," ती म्हणाली. "ऊन आहे. भरपूर आहे."

ओतिलियाने दुसरा हात वर केला आणि दामाचा चेहरा चाचपायला सुरुवात केली. कपाळ, नाक, मग गाल. गालाशी बोटं थांबली. "तू केवढी वाळलीयस."

"गोळ्यांनी गाल गेले. पायांची आग होते. तरी गिळते." दामाचा आवाज चिरकला. "तुला स्वच्छ व्हायचं होतं ना? मग आंघोळीला मी काय पाणी देत नव्हते तुला?"

मग दोघी रडल्या. मी बाहेर जाऊन उभी राहिले.

दृष्टी परत आली नाही. महिन्याभराने गोळ्या नव्याने सुरू केल्या, वेगळ्या, कमी त्रासाच्या. पुढे दामाच्याही बदलल्या, आणि तिच्या पायांची आग थोडी कमी झाली. दोघी घरी गेल्या.

त्यानंतरची चार वर्षं मला वाटतं त्यांची बरी वर्षं होती. एका काठीची दोन टोकं धरून दोघी रस्त्याने यायच्या, पुढे दामा, मागे ओतिलिया. "खड्डा आहे" असं दामा खड्डा ओलांडून झाल्यावर सांगायची, आणि मागून शिवी यायची. ओतिलिया मांडीवर धागा वळायला शिकली, मग न बघता पिशव्या विणायला. नक्षीसाठी रंग दामा सांगायची. "लाल दे" म्हटलं की दामा मुद्दाम निळा द्यायची आणि बाजारात गिऱ्हाइकाला सांगायची, "चूक नाही ती, आमच्या धाकटीची खास नक्षी आहे." त्या पिशव्या खपायच्या. तपासणीत दोघींच्या रक्तात विषाणू सापडेनासा झाला. मी ओतिलियाला सांगितलं, "तुझं रक्त यंत्रालासुद्धा मळकं दिसत नाही आता." ती थोडं हसली. माझी चूक मी सात वर्षं उशिरा सुधारत होते.

दामाला रक्तस्राव होऊ लागला ते तिने लपवलं. या आजाराच्या बायकांना गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग लवकर गाठतो, म्हणून तपासून घ्या, असं मी तिला कितीदा तरी म्हटलं होतं. "तिथे बघणारा मेला. आता कुणी बघायचं नाही," असं म्हणून ती मला हसवायची आणि मी हसून सोडून द्यायची. हसायला नको होतं. मोठ्या इस्पितळात नेलं तेव्हा शस्त्रक्रियेची वेळ निघून गेली होती.

"किती दिवस?" तिने त्या समुद्रकाठच्या डॉक्टरला विचारलं.

"चार महिने. कदाचित सहा."

"पुरे आहेत," दामा म्हणाली. "एक पीक निघेल."

घरी आल्यावर तिने झाडाच्या सालीचा दोर वळला आणि दारापासून बागेपर्यंत खांबाखांबाला बांधत नेला. मग दगडावर बसून ती ओतिलियाला शेत शिकवायला लागली. आमच्याकडे रताळ्याची बाग डोंगराच्या अंगावर असते, डोळे असलेला माणूसही घसरतो.

"कशाला गं थोरले? तू आहेस ना."

"मी नसणार आहे. वाइमची बायको म्हणेल, आंधळी काय शेत करणार, आणि कुंपण चार हात आत सरकवेल. वेल धर. असा नव्हे, मठ्ठे. मुळाशी धर."

"तू मरणार नाहीस."

"मरणार आहे. वेल सोड, माती चाचप. भेग लागली?"

"लागली."

"भेग असते तिथे मोठं असतं. खण. बोटांनी! काठीने टोचू नकोस, ते काय वाइम आहे?"

मी दुखण्यावरचं औषध घेऊन आठवड्यातून दोनदा जात असे. शेवटी शेवटी दामाला दगडावर बसवेना, तेव्हा दोन वाफ्यांच्या मध्ये चटई टाकून ती आडवी पडायची आणि आभाळाकडे बघत हुकूम सोडायची. ओतिलिया आवाजाच्या अंदाजाने तिच्याभोवती रांगत काम करायची. पाच महिन्यांनी, कोरड्या दिवसांतल्या एका सकाळी, दामा गेली. मी पोचले तेव्हा ओतिलियाने तिला धुऊन, केस विंचरून ठेवलं होतं. भांग थोडा वाकडा पडला होता. मी तो तसाच राहू दिला.

मांडव पडला. बाजारातल्या सगळ्या बायका आल्या. वाइमही आला, म्हातारा झाला होता, कोपऱ्यात बसून रडला. आमच्याकडे नवरा गेला, भाऊ गेला तर बायका अंगाला पिवळी माती फासतात आणि ती महिनोन् महिने धूत नाहीत. दुसऱ्या दिवशी ओतिलिया नदीकाठची माती अंगभर, तोंडभर फासून मांडवात आली. बायकांत कुजबुज झाली. एक म्हातारी म्हणाली, "पोरी, सवतीसाठी माती फासत नाहीत. अशी रीत नाही."

"मला ठाऊक नाही रीत," ओतिलिया म्हणाली. "ती माझी थोरली होती." आणि ती प्रेताच्या उशाशी जाऊन बसली.

तिसऱ्या महिन्यात मी तिच्याकडे गेले. घरात नव्हती. दोराला हात लावत मी बागेत उतरले. ती वरच्या उतारावर गुडघ्यांवर बसली होती. अंगावरची माती सुकून तडकली होती, काही ठिकाणी घामाने वाहून गेली होती. कुंपण होतं तिथेच होतं.

"कोण? सिस्टर? पायाखाली बघा, तिथे घसरडं आहे."

मी जवळ जाऊन बसले. ती कामात होती. वेल बाजूला करून तिने मातीवरून हात फिरवला, भेग सापडली तशी बोटं आत गेली. एक मोठं रताळं तिने अलगद सोडवलं, माती झटकली आणि माझ्या मांडीवर ठेवलं. मग बोटं पुन्हा आत घालून ती बाकीची चाचपत राहिली. ती लहान होती, अंगठ्याएवढी. एकेकाला तिने हात लावला आणि जागच्या जागी सोडून दिलं. दोन्ही तळहातांनी माती पुन्हा वर ओढली, थापून सारखी केली, वेल होता तसा पसरला आणि गुडघ्यांवरच पुढच्या वाफ्याकडे सरकली.